मधल्या पायरीचा पगार

सीवूड्स-दारावेहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या हार्बरच्या गाडीत बसलं की पुढचंच स्टेशन नेरूळ. तिथल्या डी. वाय. पाटील स्टेडियमला देश ओळखतो तो मोठ्या सामन्यांमुळे. आयपीएलचा पहिला अंतिम सामना १ जून २००८ रोजी इथे झाला. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या मुलांच्या फुटबॉल विश्वचषकातले काही सामने इथे झाले. आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा एकदिवसीय विश्वचषक इथेच उचलला. पण सीवूड्स-नेरूळच्या क्रिकेटवेड्यांना या परिसराची आणखी एक ओळख आहे. थंडी ओसरायच्या सुमारास इथे डी. वाय. पाटील ट्वेंटी-ट्वेंटी चषक भरतो. त्याच्या धावफलकावर देशांची किंवा शहरांची नावं नसतात. इन्कम टॅक्स, कॅनरा बँक, सीएजी, इंडियन ऑइल, बीपीसीएल, मुंबई कस्टम्स, रिलायन्स अशी असतात. दुखापतीतून सावरणारा एखादा बडा खेळाडू मध्येच येऊन अंदाज घेऊन जातो. मार्च २०२० मध्ये हार्दिक पंड्याने रिलायन्सकडून बीपीसीएलविरुद्ध ५५ चेंडूंत नाबाद १५८ धावा केल्या, वीस षटकार मारले, आणि साहजिकच बातमी त्याची झाली. त्या दिवशी त्याला चेंडू टाकणारे गोलंदाज मात्र बातमीत आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा सरावाला जायचं होतं, कोणाला ऑफिसात हजेरी लावायची होती. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

प्रत्येक व्यावसायिक खेळात असा एक मोठा वर्ग असतो. हौशी म्हणावं तर त्यांचं सगळं आयुष्य खेळातच गेलेलं असतं आणि पोटही त्यावरच चालतं. यशस्वी म्हणावं तर देशाची टोपी कधी मिळालेली नसते. ही माणसं संघ बदलतात, गाव बदलतात, जमेल तितकी वर्षं खेळतात आणि वयाच्या पस्तिशी-चाळिशीत कोणाच्या लक्षात न येता थांबतात. त्यांच्याकडे पाहायच्या आपल्या दोनच रीती आहेत. एक हळहळ: बिचारा, नशीब नव्हतं. दुसरी चमत्काराची: बघा, एक्केचाळिसाव्या वर्षी आयपीएल खेळला. दोन्हींत एक प्रश्न राहून जातो. मधली वीस वर्षं या माणसाचा पगार कोण देत होतं? माझं म्हणणं असं की मधल्या पायरीवरच्या खेळाडूला व्यवसाय म्हणून जगायचं असेल तर दोहोंपैकी एक गोष्ट लागते. एक तर काम मिळेल तिथे जायची मोकळीक हवी, नाहीतर जिथे आहे तिथे राहायची शाश्वती हवी. मुंबईच्या ऑफिस क्रिकेटने एके काळी दुसरी गोष्ट दिली होती. आजचं भारतीय क्रिकेट, जगातलं सर्वांत श्रीमंत क्रिकेट, या पायरीला दोन्ही देत नाही.

मोकळीक म्हणजे काय, हे पाहायला आइस हॉकीकडे जावं लागतं. उत्तर अमेरिकेत सर्वांत वर एनएचएल, तिच्याखाली एएचएल, तिच्याखाली ईसीएचएल अशी उतरंड आहे. वरच्या लीगचे संघ खालच्या संघांशी जोडलेले आहेत आणि खेळाडू हंगामाच्या मध्यातही खाली-वर होतात. विली मार्शल या खेळाडूने विसाव्या शतकाच्या मध्यात एएचएलमध्ये १,२०५ सामने खेळून ५२३ गोल केले, दोन्ही त्या लीगच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेले आकडे. एनएचएलमध्ये त्याच्या वाट्याला आले फक्त ३३ सामने. माइक सिलिंजर वरच्याच लीगमध्ये टिकला, पण बारा वेगवेगळ्या संघांकडून खेळून. अशा खेळाडूचं दुय्यम लीगमध्ये जमेनासं झालं की तो जर्मनी, स्वीडन, फिनलंड किंवा ब्रिटनमधल्या क्लबशी करार करतो. करार संपला की त्याला कोणी अडवत नाही. शिवाय एएचएल आणि ईसीएचएलच्या खेळाडूंची स्वतःची संघटना आहे, १९६७ पासूनची, आणि किमान पगार, प्रवास, विमा यांवर ती मालकांशी बसून वाटाघाटी करते. योगायोग असा की इंग्लंडच्या काउंटी क्रिकेटपटूंची संघटनाही १९६७ चीच. या खेळाडूंचं आयुष्य सोपं असतं असं नाही. रात्रभराचे बसप्रवास, मोडलेले दात, दर वर्षी नवं घर हे सगळं त्यात आहे. पण ते एक ओळखलेलं काम आहे आणि त्या कामाला बाजार आहे.

भारतात आइस हॉकी लडाख आणि स्पितीच्या गोठलेल्या तलावांवर वाढली. तिथे संघांचा कणा आहे लडाख स्काउट्स आणि आयटीबीपी यांचा, म्हणजे सरकारी नोकरीचा. जून २०२५ मध्ये भारतीय मुलींनी संयुक्त अरब अमिरातीत आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक आणलं, त्यामागेही हीच व्यवस्था उभी आहे. लडाखच्या बर्फावर काय आणि आझाद मैदानाच्या मातीवर काय, आपल्याकडे खेळाडूला पोसलं ते हजेरीपटाने.

मुंबईत हे फार ठळकपणे घडलं. स्वातंत्र्याच्या आधीपासून टाइम्स शील्ड ही ऑफिसांची स्पर्धा चालत आली. १९४८ पासून भर पावसाळ्यात कांगा लीग आली. क्लबात नाव झालेल्या पोराला ऑफिस हेरायचं. बापू नाडकर्णी एसीसीत होते, एकनाथ सोलकर मफतलालमध्ये, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये, दिलीप वेंगसरकर टाटांकडे. ही बडी नावं झाली. त्यांच्या मागे प्रत्येक ऑफिसात दहा-बारा जण असे होते की ज्यांचं नाव मुंबईच्या रणजी संघाच्या प्रॉबेबल्सपर्यंत जाऊन परत यायचं. त्यांना पर्मनंट नोकरी होती, भविष्यनिर्वाह निधी होता, दुपारनंतर नेट्सला जायची मुभा होती, आणि चाळीतली खोली सोडून उपनगरात घर घेण्याइतकं कर्ज ऑफिसच्या पगारावर मिळत होतं. मुंबईच्या खडूस क्रिकेटची कौतुकं पुष्कळ झाली. शिवाजी पार्कच्या प्रशिक्षकांवर, लोकलमधल्या किटबॅगांवर, खेळपट्ट्यांवर भरपूर लिहिलं गेलं. त्या मानाने वेतनपत्रकाबद्दल फार कमी. खरं तर मुंबईचा दर्जा कशाने टिकला असेल तर यानेच: तिसऱ्या-चौथ्या फळीचा गोलंदाज तिशी उलटल्यावरही खेळत राहिला, कारण खेळणं परवडत होतं. वीस वर्षांच्या फलंदाजाला शनिवारी त्याच्यासमोर धावा काढाव्या लागायच्या. पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी मिळवले, एकही कसोटी न खेळता, आणि १९८७-८८ च्या हंगामात वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते मुंबईकडून पुन्हा रणजी सामन्यात उतरले. इतकी वर्षं हात सरावात राहण्यासारखं वातावरण त्या शहरात होतं.

प्रवीण तांबे हे त्या व्यवस्थेचं शेवटच्या काळातलं अपत्य. जन्म १९७१ चा. मध्यमगती गोलंदाज म्हणून सुरुवात केलेले तांबे ओरिएंट शिपिंगच्या संघात असताना लेगस्पिनकडे वळले. पुढची दोन दशकं क्लब आणि ऑफिसांकडून खेळण्यात गेली. मुंबईच्या प्रॉबेबल्समध्ये नाव आलं, संघात आलं नाही. नेरूळच्या डी. वाय. पाटील संघाकडून ते खेळत राहिले आणि तिथली गोलंदाजी पाहून राजस्थान रॉयल्सने २०१३ मध्ये त्यांना घेतलं. तोवर त्यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकही सामना नव्हता. त्याच वर्षीच्या चॅम्पियन्स लीगमध्ये पाच सामन्यांत १२ बळी घेऊन ते स्पर्धेतले सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले, आणि त्यानंतर, बेचाळिसाव्या वर्षी, मुंबईने त्यांना रणजीची टोपी दिली. ५ मे २०१४ रोजी अहमदाबादला कोलकात्याविरुद्ध त्यांनी हॅटट्रिक केली. श्रेयस तळपदेने त्यांची भूमिका केलेला चित्रपट २०२२ मध्ये आला आणि गोष्ट घराघरांत पोचली. गोष्ट जिद्दीची आहे यात शंकाच नाही. पण जिद्दीला वीस वर्षं डाळ-भात लागतो. तो ऑफिस क्रिकेटने, एका खासगी संकुलाने आणि घरच्यांनी पुरवला. निवड समित्यांनी आणि भारतीय क्रिकेट मंडळाने त्यात काही घातलं नव्हतं, आणि तरी त्या माणसाचं कौशल्य शेवटी उपयोगी पडलं ते मंडळाच्याच स्पर्धेला.

तांबे यांच्या कारकिर्दीचा उत्तरार्ध चित्रपटापेक्षा मला जास्त बोलका वाटतो. २०१८ मध्ये निवृत्ती जाहीर करून ते शारजाच्या टी-टेन लीगमध्ये खेळले आणि एका सामन्यात १५ धावांत ५ बळी घेतले, त्यात ख्रिस गेल होता. पुढे निवृत्ती मागे घेतली. डिसेंबर २०१९ च्या लिलावात कोलकाता नाइट रायडर्सने त्यांना वीस लाखांना घेतलं, वय अठ्ठेचाळीस. पण मंडळाच्या परवानगीविना परदेशी लीग खेळल्याबद्दल त्यांना अपात्र ठरवलं गेलं. मग ते २०२० मध्ये कॅरिबियन प्रीमियर लीगमध्ये ट्रिनबॅगो नाइट रायडर्सकडून खेळले. त्या लीगमध्ये खेळणारे ते पहिले भारतीय. नियम स्पष्ट होता आणि तो त्यांना लागू झाला, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न नियमाच्या स्वरूपाचा आहे. भारताच्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये सक्रिय असलेल्या पुरुष खेळाडूला परदेशातली कोणतीही ट्वेंटी-ट्वेंटी लीग खेळता येत नाही. खेळायचं तर भारतातल्या क्रिकेटवर पाणी सोडायचं. रविचंद्रन अश्विननेही ऑगस्ट २०२५ मध्ये आयपीएल सोडली तेव्हाच बाहेरच्या लीगचं दार त्याच्यासाठी उघडलं. अश्विनला ते परवडतं. ज्याला रणजीत पाच सामने मिळतात आणि आयपीएलमध्ये बोली लागत नाही, त्याच्यासाठी ही अट म्हणजे बाजाराचं दार बाहेरून लावलेलं कुलूप आहे. जर्मनीला जाणाऱ्या हॉकीपटूला जी वाट मोकळी, ती याला बंद.

देशाच्या आत मात्र एक वाट आहे आणि तिला मैदानावरची माणसं नुसतं ‘प्रोफेशनल जाणं’ म्हणतात. प्रत्येक राज्य संघटनेला बाहेरचे तीनपर्यंत खेळाडू घेता येतात. मूळ संघटनेची एनओसी आणायची आणि दुसऱ्या राज्याकडून खेळायचं. अमोल मुझुमदार याच वाटेने गेले. १९८८ मध्ये तेंडुलकर-कांबळी यांची ६६४ धावांची शालेय भागीदारी चालू असताना पॅड बांधून बसलेला पुढचा फलंदाज ही त्यांची ओळख इतकी घासून गुळगुळीत झाली आहे की तिच्यामागचं काम दिसेनासं होतं. रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६०, हा त्या वेळी प्रथम श्रेणी पदार्पणातला जागतिक विक्रम होता. पुढे १७१ सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. पहिले तिन्ही सामने हरलेल्या मुंबईला २००६-०७ मध्ये त्यांनी कर्णधार म्हणून रणजी करंडक मिळवून दिला. भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण होते, जागाच नव्हती. २००९ मध्ये ते आसामकडे गेले, नंतर आंध्रकडे, आणि २०१४ मध्ये थांबले.

आसाम आणि आंध्रमधली ती वर्षं बहुतेक लेखांत एका ओळीत संपतात. माझ्या मते तिथेच या कारकिर्दीचा अर्थ आहे. मुंबईच्या माजी कर्णधाराने गुवाहाटीच्या मैदानावर वीस-बावीस वर्षांच्या मुलांबरोबर खेळायचं, त्यांची सराव करायची पद्धत पाहायची, हरणाऱ्या संघाचं मन समजून घ्यायचं, हे प्रशिक्षकाचंच शिक्षण आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुझुमदार भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले, आणि दोन वर्षांनी नेरूळला जो चषक उचलला गेला तो याच माणसाच्या हाताखालच्या संघाने. मी असं म्हणत नाही की आसामला गेले म्हणून विश्वचषक मिळाला; इतकं सरळ काही नसतं. पण वीस वर्षं मधल्या पायरीवर काढलेल्या माणसाकडे जे ज्ञान साचतं ते संघाच्या कामी येतं, हे नाकारणं आता अवघड आहे.

विदर्भाचं उदाहरण याहून थेट आहे. दशकानुदशकं रणजीत तळाशी राहिलेल्या या संघाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन करंडक जिंकले. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचे, आणि फलंदाजीत मुंबई सोडून आलेले वासिम जाफर. दुसऱ्या विजयाच्या हंगामात चाळिशी ओलांडलेल्या जाफर यांनी हजारावर धावा काढल्या. पहिल्या विजयाच्या हंगामात मानधनाशिवाय खेळायची तयारी त्यांनी दाखवली होती, हे तेव्हा प्रसिद्ध झालं होतं. ते शक्य झालं कारण जाफर इंडियन ऑइलच्या नोकरीत होते. पुन्हा तेच: नागपूरच्या तरुण फलंदाजांना समोरच्या टोकाला जे विद्यापीठ मिळालं त्याचा पगार एका तेल कंपनीने दिला. २०२४-२५ मध्ये विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला तेव्हा अंतिम सामन्यात शतक करणारे करुण नायर कर्नाटकातून आलेले. संघातली जागा गमावल्यावर नॉर्दम्प्टनशरकडून काउंटी आणि विदर्भाकडून रणजी असा प्रवास करून ते २०२५ मध्ये कसोटी संघात परतले. काउंटी क्रिकेट हे ट्वेंटी-ट्वेंटी लीग नसल्याने तिथे जाता येतं. जिथे थोडी वाट मोकळी आहे तिथे मधल्या पायरीवरचा माणूस पुन्हा उभा राहतो, एवढं यातून दिसतं.

आणि जिथे नाही तिथे तो देशच बदलतो. सौरभ नेत्रावळकर २०१० च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, मुंबईकडून रणजीचा एकच सामना त्याच्या वाट्याला आला. सरदार पटेल इन्स्टिट्यूटमधून कॉम्प्युटर इंजिनियर झालेला हा डावखुरा गोलंदाज २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात शिकायला गेला, ओरॅकलमध्ये लागला आणि पुढे अमेरिकेचा कर्णधार झाला. ६ जून २०२४ रोजी डॅलसला पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर त्याने टाकली. सहा दिवसांनी न्यूयॉर्कला कोहली आणि रोहित दोघांना बाद केलं. त्याच उन्हाळ्यात मेजर लीग क्रिकेटचं विजेतेपद मिळवणाऱ्या वॉशिंग्टन फ्रीडमकडून तो खेळत होता. हे सगळं चालू असताना त्याची नोकरी चालूच होती. मालाड-अंधेरीच्या मैदानांवर घडलेला खेळाडू कॅलिफोर्नियातल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या आधाराने टिकला, ही गोष्ट मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशीच आहे. पण ती सांगताना टाइम्स शील्डचं जुनं सूत्रच तिकडे नव्या रूपात चाललं, हेही सांगावं.

आता यावरचा सर्वांत मोठा आक्षेप: आयपीएल आल्यापासून खेळाडूला इतिहासात नव्हता एवढा पैसा मिळतो, मग ऑफिसांच्या नोकऱ्यांसाठी गळा काढायचं कारण काय? आकडे पाहू. आयपीएलचे दहा संघ, प्रत्येकी कमाल २५ खेळाडू, त्यात आठपर्यंत परदेशी; भारतीयांसाठी साधारण पावणेदोनशे जागा. रणजीत ३८ संघ. संघामागे वीस जण धरले तरी ७६० खेळाडू. म्हणजे चारातल्या तिघांना लिलावाशी देणंघेणं नाही. त्यांचं उत्पन्न म्हणजे सामन्याची फी. मंडळाने २०२१ मध्ये ती चांगली वाढवली: ४० हून अधिक सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, २१ ते ४० सामने खेळलेल्याला ५० हजार, त्याहून कमीवाल्याला ४० हजार, राखीव खेळाडूला याच्या निम्मे. साखळीतले सात चारदिवसीय सामने सगळे खेळले तर अनुभवी खेळाडूला पावणेसतरा लाखांच्या आसपास आणि नवख्याला सव्वाअकरा लाखांच्या आसपास पडतात. रक्कम लहान नाही. मुंबई क्रिकेट संघटनेने तर आपल्या रणजीपटूंना मंडळाच्या फीइतकीच आणखी फी स्वतःच्या खिशातून द्यायचं ठरवलं, हे कौतुकाचं आहे. पण ही सगळी रोजंदारी आहे. खांदा दुखावला, दोन डाव फसले, नव्या निवड समितीला कोणी दुसरा आवडला, की त्या दिवसापासून शून्य. गृहकर्ज देणारी बँक रोजंदारीवर कर्ज देत नाही. आणि जुन्या ऑफिसांनी याच्याशी स्पर्धा करणं सोडलं आहे. खासगी कंपन्यांचे संघ एकेक करून बंद झाले. सार्वजनिक उपक्रमांत पर्मनंट भरतीच्या जागी बऱ्याच ठिकाणी ठरावीक मुदतीचं मानधन आलं. शिखरावर पैसा ओतला म्हणजे तो खाली झिरपेल, ही समजूत इथे खरी ठरलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्यात तथ्यही आहे. ऑफिसच्या नोकरीने खेळाडू सुस्तावतो. तिशीनंतर जागा अडवून बसतो. बँकेच्या किंवा सरकारच्या पैशाने क्रिकेट चालवणं योग्यही नाही. पाकिस्तानात हाच युक्तिवाद सर्वोच्च पातळीवर झाला. २०१९ मध्ये इम्रान खान यांच्या आग्रहाने तिथल्या खात्यांचे संघ देशांतर्गत स्पर्धेतून काढले गेले. सुई नॉर्दर्न गॅस, हबीब बँक, वापडा असे जुने संघ बाजूला झाले आणि सहा प्रांतिक संघ उभे राहिले. प्रत्येकी ३२ म्हणजे एकूण १९२ खेळाडूंना करार मिळाले. उरलेल्या शेकडो जणांचा पगार गेला. कालपर्यंत प्रथम श्रेणी खेळणारे खेळाडू मालवाहू गाड्या चालवताना दिसले. काही वर्षांत सरकार बदललं आणि खाती परत आणावी लागली. कमी संघांमुळे स्पर्धेचा कस वाढेल हा हेतू वाईट नव्हता. पण मधली पायरी काढून टाकण्याआधी तिथे उभ्या असलेल्यांचं काय करायचं, याचं उत्तर तयार नव्हतं. खात्यांची व्यवस्था सदोष असते, हे मान्य. तरी तिच्या जागी काहीच नसणं हा त्यावरचा उपाय नाही.

काही जण आणखी पुढे जातात आणि म्हणतात, ज्याला जमलं नाही त्याने पंचविशीत खेळ सोडून दुसरं काही करावं. कोणत्याही व्यवसायात मधल्या दर्जाच्या माणसाला आपण असं सांगत नाही. जिल्हा न्यायालयातला वकील सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला नाही म्हणून त्याने वकिली सोडावी, असं कोणी म्हणत नाही. खेळात मात्र आपण शिखर आणि कचरा असे दोनच भाग मानतो. रणजीच्या सामन्याला दोन्ही बाजूंनी बावीस जण लागतात, आणि त्यातले वीस जण कधीच भारताकडून खेळणार नसतात. त्या विसांनी चांगलं खेळल्यावरच उरलेल्या दोघांची पारख होते.

शाश्वती द्यायची तर ती आता खेळानेच द्यायला हवी, आणि हिशेब अवघड नाही. ७६० खेळाडूंना वर्षाला बारा लाखांचा किमान करार, सामन्याची फी वेगळी, असं धरलं तर खर्च येतो ९१ कोटी २० लाख. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांच्या प्रक्षेपण हक्कांची रक्कम ४८,३९० कोटी आहे, म्हणजे वर्षाला सुमारे ९,७०० कोटी. त्यातला निम्मा वाटा संघमालकांना जातो असं धरलं तरी मंडळाकडे उरणाऱ्या रकमेच्या दोन टक्क्यांहून हा खर्च कमी आहे. इंग्लंडच्या काउंट्या याहून कितीतरी कमी उत्पन्नात खेळाडूंना वार्षिक करार देतात. आणि मंडळाला करार द्यायचे नसतील तर निदान ज्याला आयपीएलचा संघ नाही त्याला बाहेरच्या लीगची एनओसी द्यावी. दार लावणाऱ्याने आतल्याची सोय करायची असते. यावर असं म्हटलं जाईल की परदेशी लीगना भारतीय खेळाडू मिळू लागले तर आयपीएलचं महत्त्व घटेल. ज्यांच्यावर आयपीएलमध्ये कोणी बोलीच लावत नाही, ते बाहेर खेळल्याने आयपीएलचं काय घटणार, हे मला समजत नाही.

हे मागायचं कोणी, हा खरा पेच आहे. २०१९ मध्ये लोढा समितीच्या शिफारशींतून इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन उभी राहिली, पण ती निवृत्त खेळाडूंची. आज खेळत असलेल्या भारतीय क्रिकेटपटूंची संघटना नाही. निवृत्तांची संघटना असल्यामुळेच निवृत्तिवेतनाचा प्रश्न थोडाफार पुढे सरकला. चालू पगाराचा सरकत नाही, कारण ज्याची निवड उद्यावर अवलंबून आहे तो आज तोंड उघडत नाही. आइस हॉकीतल्या दुय्यम लीगच्या खेळाडूंनी १९६७ मध्ये एकत्र येऊन जे केलं ते इथे करायला प्रसिद्ध खेळाडूंनीच पुढे यायला हवं. त्यांना गमवायचं सर्वांत कमी आहे.

मुलींच्या बाबतीत तर ऑफिस हा शब्द भूतकाळात टाकायचीही सोय नाही. देशांतर्गत महिला क्रिकेटवर बहुतेक वर्षं रेल्वेचंच राज्य राहिलं, कारण मुलींना नोकरी देणारी रेल्वेच होती. हरमनप्रीत कौर मुंबईत पश्चिम रेल्वेत होती. २०२५ च्या विश्वविजेत्या संघातल्या स्नेह राणा, रेणुका सिंग ठाकूर आणि प्रतिका रावल रेल्वेच्या नोकरीत आहेत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महिला प्रीमियर लीगमध्ये पाच संघ आहेत, प्रत्येकी जास्तीत जास्त अठरा जणी. परदेशी खेळाडू वगळल्या तर भारतीय मुलींना साठ-पासष्ट जागा. विश्वविजयानंतर सीवूड्स, खारघर, पनवेलच्या अकादम्यांत बॅट घेऊन येणाऱ्या मुलींपैकी बहुतेकींना या जागांपर्यंत पोचता येणार नाही, पण त्यांच्यातल्या काही जणी राज्याच्या संघापर्यंत नक्की पोचतील. त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न नोकरी कुठे लागेल हाच असणार आहे, आणि त्याला आज एकच खात्रीचं उत्तर आहे, ते म्हणजे रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याची जाहिरात.